ऑईल कुठून गळतंय? आधी वर बघा

(या भागाचा लिहिलेला मजकूर. ज्यांना रेंज नाही, ज्यांचा डेटा संपलाय, किंवा जे गाडीखाली झोपून एका हाताने मोबाईल धरून वाचतायत, त्यांच्यासाठी.)

 

आज सुरुवात एका पुठ्ठ्यापासून करतो. आमच्या बीडच्या घरासमोर मी गाडी लावतो, तिथे मी कुलरच्या खोक्याचा एक पुठ्ठा अंथरून ठेवलेला आहे. शेजारचे काका एकदा म्हणाले, "काय रे, गाडीला झोपायला चटई टाकतोस का?" मी हसलो. पण त्या पुठ्ठ्याने मला जे शिकवलं, ते वर्षभर व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. आजचा भाग त्याच्यावरच आहे. इंजिन ऑईलची गळती कशी शोधायची, कशी बंद करायची, आणि शोधायच्या आधी दुरुस्ती केली की काय होतं.

तुमच्याकडे टर्बो कार नसेल, पल्सर असेल, अण्णांचा ट्रॅक्टर असेल, तरी ऐका. तेल सगळीकडे एकाच नियमाने गळतं.

आधी गाडीबद्दल सांगतो. माझ्याकडे पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण वीस. दीडशे हॉर्सपॉवर. आज हा आकडा ऐकून कुणी वळून बघणार नाही, पण २००४ च्या आसपास ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा रस्त्यावर तिच्या जोडीला फार कोणी नव्हतं. आणि आपल्या मराठवाड्याचा तिच्याशी संबंध आहे. स्कोडाने २००१ मध्ये भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती शेंद्र्याला, संभाजीनगरजवळ. बीडपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आमच्याकडची किती पोरं शेंद्रा-वाळूजच्या कंपन्यांत कामाला आहेत, तुम्हाला माहितीच आहे. माझा मोठा चुलतभाऊ पण तिकडेच. त्याच्याच ओळखीतून ही एमएच-२० पासिंगची जुनी गाडी मला मिळाली, नव्या बुलेटच्या किमतीत.

अण्णा तेव्हाच म्हणाले होते, "हत्ती स्वस्तात मिळतो, चारा महाग पडतो."

आता मुद्द्यावर येतो.

मे महिना, ऊन चाळीशीच्या पार. आई, ताई आणि मी अंबाजोगाईला निघालो होतो, योगेश्वरीच्या दर्शनाला. बीड सोडलं, आणि मांजरसुंब्याचा घाट लागला. पुढे उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर चाललेला. रस्ता मोकळा दिसला, मी गिअर खाली टाकला आणि जोरात ओव्हरटेक केलं. टर्बो गाडीत हे करताना जी मजा येते, ती ज्याने चालवली त्यालाच माहीत.

घाट संपता संपता आई म्हणाली, "काहीतरी जळायलंय." मी म्हटलं पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील. दोन मिनिटांनी बॉनेटच्या मागच्या कडेने, काचेच्या खालून, निळसर धूर यायला लागला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, दोघींना लांब उभं केलं. वास गरम तेलाचा होता. कढईत फोडणी जळाल्यावर येतो तसा, पण जास्त उग्र.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण मी ती तेव्हा चुकीची केली. मी धावत जाऊन बॉनेट पूर्ण उघडलं. असं करू नका. आत जाळ असेल, तर बॉनेट उघडल्याबरोबर त्याला हवा मिळते आणि तो तुमच्या तोंडावर येतो. फक्त आतला खटका ओढा, फटीतून बघा, आणि तेल पेटलेलं असेल तर त्यावर पाणी ओतू नका. पावडरचा छोटा फायर एक्स्टिंग्विशर गाडीत ठेवा, सीटखाली बसतो. इंजिन ऑईलचा फ्लॅश पॉइंट दोनशे अंशांच्या वर असतो, म्हणून ते सहजासहजी पेटत नाही. पण टर्बो पेट्रोल गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घाट चढताना त्याच्या कितीतरी वर जातो. आमचं नशीब चांगलं होतं, धुरावरच निभावलं.

दर्शन राहिलं. आई एसटीने परत आली. माझ्या गाडीत बसली नाही. काही बोलली पण नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी एका गॅरेजला नेली. नाव सांगणार नाही, गरज नाही. त्यांनी गाडी वर उचलली, खालून बॅटरी मारली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, त्या सांध्याला तेल लागलेलं. निदान झालं: "क्रँकचं मागचं ऑईल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." झाला खर्च बावीस हजार. मी दिले. त्यातले दहा ताईकडून उसने घेतले होते.

तीन आठवड्यांनी पुठ्ठ्यावर तेलाचा डाग. त्याच जागी.

मग मी हुशारी केली. यूट्यूबवर बघितलं की या इंजिनात टॅपेट कव्हरचं पॅकिंग जातं. नवीन पॅकिंग मागवलं, कव्हर उघडलं, आणि "पुन्हा गळायलाच नको" म्हणून पॅकिंगच्या दोन्ही बाजूंनी सिलिकॉन पेस्ट भरपूर फासली. नट हाताच्या अंदाजाने आवळले, आणि अंदाज माझा म्हणजे पूर्ण ताकद. त्या दिवशी मला वाटलं, जिंकलो. हायवेला गेवराईपर्यंत जाऊन आलो आणि परत वास.

तेव्हा अण्णा म्हणाले, "आता ती विक, नाहीतर चाचाला दाखव." चाचा म्हणजे बार्शी रोडचे मिस्त्री. आयुष्यभर जीप, बोलेरो आणि ट्रॅक्टर केलेला माणूस. मला वाटलं, यांना वीस व्हॉल्व्हचं इंजिन काय कळणार. गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही आधी. विचारलं,

"बेटा, गाडी घरी उभी असल्यावर गळते, का पळाल्यावर?"

मी विचारात पडलो. कारण मला हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि उत्तर माझ्याकडे होतं, पुठ्ठ्यावर. मी रोज त्याचा फोटो काढायचो. गावात फिरवून आणली की पुठ्ठा जवळपास कोरडा. हायवेला पळवून आणली की डाग. त्या गॅरेजमध्ये इंजिन धुऊन अर्धा तास जागेवर चालू ठेवलं होतं, तेव्हा एक थेंब पण आला नव्हता.

चाचा म्हणाले, "म्हणजे तेल आपणहून नाही येत. कुणीतरी ढकलतंय."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातून निघतं.

इंजिनात पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडासा गॅस खाली क्रँक केसमध्ये येतोच. नव्या इंजिनात पण येतो. तो साठला तर दाब होतो. म्हणून ब्रीदर असतो, जो हा गॅस परत इनटेकमध्ये नेऊन जाळतो. कुकरच्या शिट्टीचं भोक चोंदलं की काय होतं? वाफ झाकणाच्या रबरातून बाहेर पडते. आपण म्हणतो रबर गेलं. रबर बदललं तरी पुन्हा तेच. इंजिनचं पण तसंच. ब्रीदर बिघडला की जे पॅकिंग सगळ्यात अशक्त असेल, तिथून तेल बाहेर येतं.

मी म्हटलं, "चाचा, मी ती टेस्ट केलीय." खरंच केली होती. इंजिन चालू ठेवून, तेल टाकायचं झाकण काढून, त्यावर पातळ हातमोजा बसवायचा. मोजा फुगला तर आत दाब आहे. माझा मोजा आत ओढला गेला होता. म्हणजे पास.

चाचा हसले. "तू ती टेस्ट कधी घेतली? उभ्या गाडीवर. आणि गळते कधी?"

टर्बो गाडीत खरी गंमत इथे आहे. इंजिन जागेवर चालू असतं, तेव्हा इनटेक मॅनिफोल्ड हवा ओढतो, आत निर्वात असतो. पण तुम्ही पाय दाबला, टर्बोने बूस्ट दिला, की त्याच मॅनिफोल्डमध्ये दाब तयार होतो. मग तो दाब ब्रीदरच्या पाईपातून उलटा क्रँक केसमध्ये घुसू नये, म्हणून मध्ये एक चेक व्हॉल्व्ह असतो, एका दिशेने जाऊ देणारा. शेतकरी मित्रांनो, बोअरच्या मोटारीला आपण एनआरव्ही लावतो ना, पाणी परत खाली जाऊ नये म्हणून? तोच. तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं आणि घाटात टर्बोची हवा थेट इंजिनच्या पोटात जाते.

पण चाचांनी लगेच तो व्हॉल्व्ह काढला नाही. ते म्हणाले, "अंदाजावर तुझे बावीस हजार गेले. आता डोळ्याने बघू." मग आम्ही जे केलं ते क्रमाने सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, इंजिन धुतलं. थंड झाल्यावर. अल्टरनेटर, वायरचे सॉकेट आणि इग्निशन कॉइल पिशव्यांनी झाकून, डीग्रीझर आणि ब्रशने. प्रेशरच्या पाण्याने नाही. मग उन्हात पूर्ण वाळवलं. घाण इंजिनावर गळती शोधणं म्हणजे चिखलात पाऊलखूण शोधणं.

दुसरं, संशयाच्या जागांवर टॅल्कम पावडर भुरभुरली. टॅपेट कव्हरची कड, हेडच्या दोन्ही टोकांना, ऑईल फिल्टरच्या बैठकीजवळ, चेंबरच्या सांध्याला. फिरणाऱ्या पट्ट्याजवळ नाही.

तिसरं, ज्या परिस्थितीत गळते, तीच परिस्थिती तयार केली. मांजरसुंब्याचा घाट, एकदा वर, एकदा खाली. पहिल्यांदा पूर्ण नाही, फक्त दहा मिनिटं. कारण जास्त पळवलं की वारा तेल सगळीकडे पसरवतो आणि मूळ जागा हरवते.

चौथं, गाडी थांबवून, गरम भागांपासून हात लांब ठेवून, वरून बघायला सुरुवात केली. चाचा म्हणाले, "सगळे खाली झोपून बघतात. तेल वरून खाली येतं, आणि वाऱ्याने पुढून मागे जातं. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोध. तिथे मूळ."

आणि दिसलं. टॅपेट कव्हरची मागची कड ओली. या गाडीत टर्बो आणि एक्झॉस्ट इंजिनच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला असतात. म्हणजे तिथून गळलेला थेंब थेट गरम लोखंडावर. तोच वास, तोच धूर. आणि दुसरी जागा, हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला. या इंजिनात एक कॅमशाफ्ट टायमिंग बेल्टवर चालतो आणि दुसऱ्या टोकाला एक छोटी साखळी त्याला दुसऱ्या कॅमशाफ्टशी जोडते. त्या साखळीच्या टेन्शनरखाली एक पॅकिंग आणि अर्धचंद्राच्या आकाराचं एक रबर असतं. तिथून तेल हेडवरून ओघळत खाली येत होतं, आणि जमा कुठे होत होतं? इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात. खालून बघणाऱ्याला वाटणार, क्रँकचं सील गेलं!

माझे बावीस हजार तिथे गेले होते, मंडळी. वरच्या एका रबरासाठी खालचा गिअरबॉक्स उतरवला.

डोळ्याने खात्री होत नसेल तर यूव्ही डाय मिळतो. ऑईलमध्ये मिसळायचा, गाडी फिरवायची, रात्री निळ्या टॉर्चखाली गळती हिरवट-पिवळी चमकते. आम्ही तो पण वापरला, आणि त्याच दोन जागा चमकल्या.

मग चाचांनी ब्रीदरचा चेक व्हॉल्व्ह काढला. माझ्या हातात दिला. "फुंक." मी फुंकलं, हवा गेली. "आता उलटा कर." उलटा करून फुंकलं. हवा गेली. दोन्हीकडून जात होती. त्याला जोडलेला रबरी पाईप तेल पिऊन फुगलेला, मऊ झालेला. वीस वर्षांचं रबर आणि मराठवाड्याचं ऊन. त्यात कंपनीचा दोष नाही, वय आहे.

आता दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कारण, मग गळती. व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचे सगळे पाईप नवीन टाकले. मग टेन्शनरचं पॅकिंग. हे काम कुणी सहज घरी करू नका. त्यासाठी कॅमशाफ्ट सैल करावे लागतात. साखळीवर आणि कॅमच्या खुणांवर आधी रंगाने ठिपके द्यावे लागतात, आणि बसवताना दोन खुणांमध्ये साखळीचे १६ रोलर मोजून घ्यावे लागतात. एक दात इकडेतिकडे झाला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. चाचांनी तीनदा मोजले, आणि मग मला मोजायला लावले.

टॅपेट कव्हर उघडल्यावर मला लाज वाटली. माझी सिलिकॉन पेस्ट. बाहेर जेवढी दिसत होती तेवढीच आत दाबली गेली होती, आणि तिचे तुकडे सुटले होते. चाचा गप्प झाले. म्हणाले, "चेंबर उघडू." खालचं चेंबर उघडलं, तर ऑईल पंपाच्या गाळणीवर पेस्टचे लालसर तुकडे चिकटलेले. अजून बंद झाली नव्हती गाळणी. पण झाली असती तर? टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तो टिकतो फक्त तेलाच्या पातळ थरावर. तेल थांबलं की टर्बो गेला, मागोमाग इंजिनची बेअरिंगं. मी गळती थांबवायला निघालो होतो, आणि इंजिनचा गळा दाबत होतो.

म्हणून ऐका. रबरी पॅकिंगला पेस्ट लागत नाही. फक्त जिथे दोन धातूंचे सांधे कोपऱ्यात एकत्र येतात, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. बस. जुनं पॅकिंग काढल्यावर पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा, पाजळलेल्या स्क्रूड्रायव्हरने नाही, अॅल्युमिनियमवर चरा पडला की तीच पुढची गळती. आणि टॉर्क पाना वापरा. या इंजिनाच्या टॅपेट कव्हरच्या नटांना फक्त १० न्यूटन मीटर लागतात. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. चेंबरच्या ड्रेन बोल्टला ३०. टर्बोच्या ऑईल पाईपचे बोल्ट उघडले असतील, तर त्यांचे वॉशर नवीनच टाका, ते एकदाच दबण्यासाठी असतात.

टायमिंग बेल्टवर तेल उडालंय का ते पण बघून घेतलं. तेलाने बेल्टचं रबर खराब होतं, आणि बेल्ट तुटला तर बाकी काही बोलायलाच नको. आमचा कोरडा होता.

नवीन फिल्टर, कंपनीच्या स्पेसिफिकेशनचं सिंथेटिक ऑईल, साधारण साडेचार लिटर. जुनं काळं ऑईल चाचांच्या ड्रममध्ये गेलं. आपल्याकडे ते फाटकाला, बैलगाडीच्या लाकडाला फासतात, उरलेलं नालीत ओततात. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे विहिरीजवळ ते ओतायचं का, हे मी वेगळं सांगायला नको.

सगळ्याचा खर्च किती? सुटे भाग आणि ऑईल धरून अकरा हजार आणि काही. चाचांनी मजुरी सांगितली ती ऐकून मीच वाढवून दिली.

पुढचे पंधरा दिवस मी रोज दोन गोष्टी केल्या. सकाळी इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागेवर ठेवून डिपस्टिक बघायची आणि आकडा लिहायचा. आणि पुठ्ठ्याचा फोटो. तुम्ही पण हेच करा, कुठलीही गाडी असू दे. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखून घ्या, म्हणजे थेंब इंजिनच्या कुठल्या भागाखाली पडतो ते कळतं. थेंबाचा रंग बघा. काळा-तपकिरी, बुळबुळीत असेल तर इंजिन ऑईल. हिरवा किंवा गुलाबी आणि पाण्यासारखा असेल तर कूलंट. एसीचं नुसतं पाणी असेल तर घाबरू नका. आणि डॅशबोर्डवर ऑईलच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर "घरापर्यंत जाऊ" नाही. तिथेच बंद. गळती महिनाभर सहन होते, तेलाचा दाब गेलेला इंजिन मिनिटभर पण सहन करत नाही.

पुठ्ठा कोरडा राहिला. घाट चढून आलो, कोरडा. परत चढलो, कोरडा.

मग एका मंगळवारी सकाळी आईला म्हटलं, "अंबाजोगाईचं राहिलंय." ती काही बोलली नाही. बाहेर गेली. मला वाटलं, एसटीचं वेळापत्रक विचारायला चालली. बघतो तर ती गाडीच्या पुढे उभी. वाकली, पुठ्ठा ओढून बाहेर काढला, उलटा केला, बोट फिरवून बघितलं. मग पदर सावरत मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली,

"घाटात ट्रॅक्टरच्या मागंच राहा. कुठं पळायचंय आपल्याला?"

त्या दिवशी मी ट्रॅक्टरच्या मागेच राहिलो.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्या गाडीखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा.